नव्या कॉम्प्युटरचं खोकं फोडण्याआधी जुना चालू करा

गेल्या वर्षभरात नातेवाईक आणि शेजाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त आलेला फोन एकच: "नवा कॉम्प्युटर घेतलाय, जरा येऊन लावून देतोस का?" कारण सरळ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक घरगुती मशीन त्यात बसत नाहीत, मग ती अजून कितीही छान चालत असोत.

नवा कॉम्प्युटर जोडून चालू करणं हे तासाभराचं काम आहे आणि ते तुम्ही स्वतः करू शकता. गाडी अडते ती जुन्यातलं नव्यात आणताना. पंधरा वर्षांचे फोटो, सोसायटीचे हिशेब, आईनं टाइप करून ठेवलेल्या ओव्या, मुलांची सर्टिफिकेटं. नवा आल्याच्या आनंदात जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला जातो आणि महिन्याभरानं एखादी फाइल लागते तेव्हा लक्षात येतं की ती आलीच नाही. म्हणून माझं सांगणं असं: नव्याचं खोकं दोन दिवस तसंच राहू द्या. आधी जुन्यासमोर बसा.

जुन्यात काय आहे ते कागदावर लिहा

वही घ्या आणि जुन्या कॉम्प्युटरच्या सगळ्या जागा फिरा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स या चार ठिकाणी सगळेच बघतात. जे राहून जातं ते यांच्या बाहेर असतं. आपल्याकडे जुने कॉम्प्युटर जोडून देणारे लोक हार्ड डिस्कचे दोन-तीन भाग करून द्यायचे, त्यामुळे डी आणि ई ड्राइव्हमध्ये काहीतरी हमखास सापडतं. थेट सी ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' अशा नावांचे फोल्डर असतात, तेही उघडून बघा. घरात एकापेक्षा जास्त लोक कॉम्प्युटर वापरत असतील तर सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये प्रत्येकाच्या नावाचा वेगळा फोल्डर असतो. मुलीचं लॉगिन वेगळं होतं हे नंतर आठवून उपयोग नाही.

काही गोष्टी फाइलसारख्या दिसत नाहीत, पण त्याही न्यायच्या असतात. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्यातलेच. बुकमार्कची एक फाइल करून घेता येते. पासवर्डचीही होते, पण ती उघडी असते, कोणीही वाचू शकतं. म्हणून नव्यावर चढवल्या चढवल्या ती खोडा आणि रीसायकल बिनही रिकामी करा. आउटलुकमध्ये मेल घेत असाल तर पीएसटी फाइल, म्हणजे ज्यात तुमची मेल साठते ती, कुठे आहे ते बघून ठेवा. हिशेबासाठी टॅली वापरत असाल तर टॅलीमधूनच बॅकअप घ्या आणि जुन्या मशीनवरचं लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नव्यावर ते चालू करताना अडचण येते.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय, किंवा तत्सम काही चालू असेल तर एक गोष्ट नीट बघा. फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चित्र असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाही, फक्त तिचं नाव आहे. अशा फाइलवर उजवं क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि ती खाली उतरेपर्यंत थांबा.

कपाटातल्या सीड्या आणि डीव्हीड्याही याच वेळी काढा. लग्नाचे, मुंजीचे फोटो स्टुडिओवाल्यानं सीडीवर दिलेले असतात आणि नव्या कॅबिनेटला किंवा लॅपटॉपला आता सीडी ड्राइव्ह बहुधा नसतो. जुन्याचा ड्राइव्ह चालतोय तोवर सगळ्या त्यावर कॉपी करून घ्या. नाहीतर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह विकत आणावा लागेल.

जुन्या मराठी फाइलींकडे वेगळं लक्ष द्या

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मराठी घरात सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि दुकानदार याबद्दल काही सांगत नाही.

माझे काका सदाशिव पेठेत राहतात. चौदा वर्षं ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि प्रत्येक सभेचा वृत्तांत त्यांनी कॉम्प्युटरवर मराठीत लिहिला. नवा कॉम्प्युटर लावून झाला, फाइली आल्या, आकडे जुळले. काकांनी सहज २००९ चा वार्षिक सभेचा वृत्तांत उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, महिरपी कंस, डॉलरच्या खुणा आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखी परकी अक्षरं यांच्या रांगा. परिच्छेद बरोबर पाडलेले, मथळा मधोमध, तळाशी सहीची जागाही होती. मराठीचं मात्र एक अक्षर नाही. काका चष्मा काढून पुसत म्हणाले, "गेलं रे सगळं." गेलं नव्हतं. जुना कॉम्प्युटर काकूंनी अजून गॅलरीत ठेवला होता, म्हणून वाचलो.

असं का होतं ते समजून घ्या. आज आपण मोबाइलवर जे मराठी टाइप करतो ते युनिकोडमध्ये असतं, म्हणजे 'क' हा जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर 'क' म्हणूनच साठवला जातो. त्याआधी तसं नव्हतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, शिवाजी फॉन्ट, अशी प्रत्येकाची स्वतःची पद्धत होती. कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवायचा आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढायचा. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फाइल खराब झालेली नसते, तिच्यावरचं पांघरूण निघालेलं असतं. पुण्यात तर लग्नपत्रिकेपासून गणपती मंडळाच्या अहवालापर्यंत सगळं अशाच फॉन्टांमध्ये झालेलं आहे, त्यामुळे तुमच्या घरातही अशा फाइली असण्याची शक्यता बरीच आहे.

अशा फाइलींसाठी पुढच्या गोष्टी त्याच क्रमानं करा.

पहिलं म्हणजे, नव्या कॉम्प्युटरवर अशी फाइल उघडलीच तर काहीही न करता बंद करा. बदल सेव्ह करायचे का असं विचारलं तर 'नाही' म्हणा. घाबरून कोणीतरी सगळा मजकूर निवडतं, फॉन्ट बदलून बघतं आणि सेव्ह करतं. एकाच फाइलमध्ये दोन-तीन फॉन्ट वापरलेले असतील तर कुठे कुठला होता ही माहिती त्यात कायमची पुसली जाते.

दुसरं, जुन्या कॉम्प्युटरवर जिथे मराठी नीट दिसतंय तिथेच महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करा. विंडोज १० मध्ये प्रिंट करताना प्रिंटरच्या यादीत पीडीएफचा पर्याय येतो. विंडोज ७ असेल आणि वर्ड २०१० किंवा पुढचं असेल तर 'सेव्ह ॲज' मध्ये पीडीएफ आहे. त्याहून जुनं काही असेल तर सरळ कागदावर छापा. झालेली पीडीएफ लगेच मोबाइलवर पाठवून उघडा. मोबाइलमध्ये तो जुना फॉन्ट नसतो, त्यामुळे तिथे मराठी दिसलं म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या आत नीट बसला. नाही दिसलं तर त्या फाइलचा छापील कागद काढून ठेवा.

तिसरं, कंट्रोल पॅनेलमध्ये 'फॉन्ट्स' उघडून मराठी फॉन्टच्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात कॉपी करा. कुठला फॉन्ट वापरला होता ते वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत दिसतं. ते नाव वहीत अक्षरशः जसंच्या तसं लिहा. नव्या मशीनवर तो फॉन्ट चढवला की पुष्कळ फाइली पुन्हा वाचता येतात. टाइप करण्याच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी आहे. त्यातल्या काहींना पोर्टात लावायची छोटी चावी, म्हणजे डोंगल लागायचं. ते जुन्या कॅबिनेटच्या मागेच अडकलेलं असतं आणि कॅबिनेटबरोबर भंगारात जातं. मागे हात घालून बघा.

चौथं म्हणजे युनिकोडमध्ये बदलणं. ही घाईनं करायची गोष्ट नाही, नंतर सावकाश करा. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. त्यात तुमच्या फॉन्टचं नेमकं नाव निवडावं लागतं, म्हणून ते वहीत हवं. बदललेला मजकूर पीडीएफशी ताडून बघा. चुका ठरावीक ठिकाणी होतात: रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, 'वाऱ्यावर' चं 'वार्यावर' होतं, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, आणि अंक कधी कधी भलतेच येतात. सभेच्या वृत्तांतात ठरावाची रक्कम चुकणं परवडत नाही, तेव्हा आकडे एकेक करून तपासा. काकांच्या चौदा वर्षांच्या वृत्तांतांना आम्हाला पाच रविवार लागले.

कॉपी करायची, कट नाही

आता बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. जुन्यात जितका डेटा आहे त्याच्या किमान दुप्पट जागेची घ्या, म्हणजे पुढे बॅकअपलाही तीच चालेल. पेन ड्राइव्हवर भागाभागानं नेण्याचा मोह टाळा. दहा फेऱ्यांमध्ये कुठला फोल्डर राहिला ते कळत नाही. शिवाय बरेच पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल जातच नाही. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो.

वेळेचा अंदाज घेऊन बसा. जुन्या कॉम्प्युटरचं यूएसबी २.० असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. १८० जीबी डेटा असेल तर पावणेदोन तास धरा, हजारो छोटे फोटो असतील तर त्याहून जास्त. यूएसबी ३ चं पोर्ट असेल, ते बऱ्याचदा आतून निळं असतं, तर तेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. डेस्कटॉपला अशी पोर्टं मागच्या बाजूला असतात, तिथे हात घालून बघा.

'कट' करून 'पेस्ट' कधीही करू नका. मध्येच लाइट गेली किंवा वायर हलली तर फाइली अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे होतात. कॉपी करा, म्हणजे मूळ जागेवरचं जागेवर राहतं. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. फाइलींची संख्या आणि 'साइझ' दोन्हीकडे तंतोतंत एक हवी. त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' हा आकडा वेगळा असू शकतो, त्याकडे लक्ष देऊ नका. डिस्क काढताना 'इजेक्ट' करूनच काढा.

जुना कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर निराश होऊ नका. बऱ्याचदा गेलेला असतो तो पॉवर सप्लाय, आतली डिस्क धडधाकट असते. ती काढून साटा-टू-यूएसबी वायरीनं नव्याला जोडता येते. लॅपटॉपची छोटी डिस्क नुसत्या वायरीवर चालते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागतो, तेव्हा तो असलेलाच संच मागा. खूप जुन्या डिस्कला पट्टीसारखी रुंद वायर असते, तिला आयडीई म्हणतात आणि तिचा कन्व्हर्टर वेगळा. या सगळ्या गोष्टी पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. जाताना डिस्कचा आणि तिच्या पिनांचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.

डिस्क जोडल्यावर दोन प्रश्न येऊ शकतात. फोल्डर उघडायची परवानगी नाही असं म्हणाला तर 'कंटिन्यू' करा. 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असं म्हणाला तर मात्र रद्द करा, कितीही वेळा विचारलं तरी. आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा, परत लावून बघू नका. प्रत्येक वेळी लावल्यावर ती आणखी खराब होते. तिथून पुढे ते डेटा काढणाऱ्या जाणकाराचं काम.

आता खोकं उघडा

आधी भिंतीतलं सॉकेट बघा. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंग नसलेली सॉकेट अजून आहेत. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर लावून काम भागवू नका.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच. घरच्या साध्या मशीनला ६०० व्हीएचा पुरतो. काम सेव्ह करून बंद करण्याइतकी दहा-पंधरा मिनिटं त्यावर मिळतात. यूपीएसच्या काही सॉकेटना बॅटरी असते आणि काहींना नसते, ते मागे लिहिलेलं असतं; कॅबिनेट आणि मॉनिटर दोन्ही बॅटरीवाल्यावर लावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो तापताना एकदम खूप वीज ओढतो. आणि पहिल्या दिवसासाठी गुरुवार टाळा. महावितरणची देखभालीची कामं पुण्यात अनेक भागांत गुरुवारी असतात, आणि विंडोजचं मोठं अपडेट चालू असताना वीज गेलेली चालत नाही.

मॉनिटरच्या वायरीत दोन चुका नेहमी होतात. कॅबिनेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे एचडीएमआयची पोर्टं दोन ठिकाणी दिसतात: वर उभ्या रांगेत यूएसबींच्या जवळ, आणि खाली आडव्या पट्टीवर. वायर खालच्या, कार्डाच्या पोर्टात लावायची. वरच्यात लावली तर पडदा काळा राहू शकतो आणि मशीन बंद पडलंय असं वाटतं. दुसरी चूक जुना मॉनिटर वापरणाऱ्यांची. त्याची निळ्या टोकाची व्हीजीए वायर नव्या मशीनला बहुधा बसत नाही, म्हणून कन्व्हर्टर आणतात, पण उलटा. कॉम्प्युटरच्या बाजूला एचडीएमआय आणि मॉनिटरच्या बाजूला व्हीजीए असा हवा. दुकानात हेच वाक्य म्हणा, कारण उलट दिशेचाही मिळतो आणि दिसायला तो तसाच असतो.

विंडोजचं पहिलं सुरू होणं

विंडोज ११ होम सुरू होतानाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. नव्या डेस्कटॉपमध्ये वायफाय नसेल तर लोक या पडद्यावर अडकतात. राउटर लांब असेल तर मोबाइल यूएसबी वायरीनं जोडून मोबाइलमधलं यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट वायरीतून कॉम्प्युटरला देणं, चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

देश भारत निवडा. कीबोर्ड निवडताना इंग्रजी-भारत घ्या. ब्रिटनचा निवडला गेला तर ॲट द रेटची खूण आणि अवतरण चिन्ह यांची अदलाबदल होते आणि ई-मेल आयडी टाइप करताना माणूस वैतागतो. भारताच्या कीबोर्डवर उजवीकडचं ऑल्ट दाबून ४ दाबलं की रुपयाची खूण मिळते, हिशेब लिहिणाऱ्यांना ते कामाचं आहे.

नवीन मशीनमध्ये डिस्कवरचा डेटा आपोआप कुलूपबंद होण्याची सोय असते आणि तुम्हाला न विचारता ती चालू झालेली असू शकते. काही बिघडलं तर ४८ आकडी रिकव्हरी की विचारली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच ती उघडून कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्डही तिथेच. घरात एकालाच माहीत असलेला पासवर्ड नको.

मग सेटिंग्जमधून अपडेट करा, मशीन दोन-तीनदा बंद-चालू होईल, होऊ द्या. आधीपासून भरलेला ट्रायल अँटिव्हायरस काढला तरी चालतो. विंडोजचा डिफेंडर आत आहेच आणि घरच्या वापराला तो पुरतो असं माझं मत आहे. ५१२ जीबीची डिस्क घेतली आणि विंडोज ४७६ दाखवतंय म्हणून दुकानदाराशी भांडू नका. मोजायच्या पद्धतीतला तो फरक आहे.

वनड्राइव्ह लगेच डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घ्यायला निघतं. मोफत जागा ५ जीबी आहे. जुन्या फोटोंनी ती भरून जाते आणि मग पैसे भरण्याच्या सूचना येत राहतात. नको असेल तर फाइली आणण्याच्या आधीच तो बॅकअप बंद करा.

फाइली नव्या घरी

बाहेरच्या डिस्कवरून सगळं नव्यावर कॉपी करा, पण लगेच नीट लावायला बसू नका. 'जुना कॉम्प्युटर' असा एक फोल्डर करा आणि सगळं होतं तसंच त्यात टाका. वर्गवारी पुढच्या सुट्टीत. आणता आणता आवराआवर करायला गेलं की काय आलं आणि काय खोडलं याचा हिशेब राहत नाही.

नुसती संख्या जुळली म्हणजे झालं असं नाही. प्रत्येक प्रकारच्या पाच-पाच फाइली उघडून बघा: पाच फोटो, त्यात सगळ्यात जुने, पाच व्हिडिओ, मधून थोडे पुढे नेऊन, पाच एक्सेल, पाच वर्ड, आणि मराठीतल्या तर जमतील तितक्या. जुनं ऑफिस नव्या मशीनवर बहुधा जात नाही. नवीन मशीनबरोबर मिळालं नसेल आणि घ्यायचंही नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे आणि वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतं.

मराठी टाइप करायला आता वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. दोन पद्धती आहेत. इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहायचं तर मराठी फोनेटिक. रोज लिहायचं असेल तर मात्र इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असलेली पद्धत, शिका, पंधरा-वीस दिवसांत बोटांना सवय होते. ळ साठी शिफ्ट धरून एन, 'वाऱ्यावर' मधल्या ऱ साठी शिफ्ट धरून जे. काका सत्तरी ओलांडल्यावर शिकले.

बॅकअपची दुसरी प्रत वेगळ्या घरात

नव्यावर सगळं आलं म्हणून बाहेरची डिस्क रिकामी करू नका, तीच तुमची पहिली बॅकअपची प्रत. जाणकार तीन प्रती सांगतात: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर. घराबाहेर कशाला, असं पुण्यात तरी विचारू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या घराघरांतून फोटो आणि कागदपत्रं गेली, ते आमच्या आजीकडून मी लहानपणी ऐकलंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते तर आपण सगळ्यांनी पाहिलं. कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असेल तर पाणी दोन्ही नेतं. आमची तिसरी प्रत कोथरूडला बहिणीकडे असते, तिची आमच्याकडे. दिवाळीला आणि गुढीपाडव्याला भेटतो तेव्हा डिस्क बदलतो. क्लाउडवर ठेवायचं असेल तर गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे. सगळे फोटो मावणार नाहीत, पण ओळखपत्रं, दस्त आणि मराठी फाइलींच्या पीडीएफ सहज मावतात.

जुन्याचं काय करायचं

किमान दोन महिने काहीही करू नका. इंटरनेटपासून तोडून एका कोपऱ्यात ठेवा. या दोन महिन्यांत प्रिंटर लागेल, टॅक्सची फाइल लागेल, कोणाला तरी जुना फोटो आठवेल. ओळखीच्या एका घरी दुकानदारानं एक्स्चेंजमध्ये जुना नेताना "डेटा नव्यात टाकून देतो सगळा" असं सांगितलं होतं. त्यानं फक्त डॉक्युमेंट्स टाकले आणि डिस्क फॉरमॅट केली. मुलीच्या पहिल्या तीन वर्षांचे फोटो डी ड्राइव्हमध्ये होते. तिची आई अजून ते सांगताना थांबते.

दोन महिन्यांनी द्यायचा झाला तर नुसत्या फाइली खोडून देऊ नका, खोडलेलं परत काढता येतं आणि त्यात आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं असतात. विंडोज १० मध्ये 'रीसेट धिस पीसी' मध्ये सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. त्याला काही तास लागतात. कोणाच्या उपयोगाचा नसेल तर ई-कचऱ्यात द्या. पुण्यात 'स्वच्छ' संस्था ई-कचरा घेते. तुमच्याकडे रोज कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं तरी त्या सांगतील.

मी स्वतः आधी आतली डिस्क काढून घेतो. चार स्क्रू असतात. मग ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर तारीख आणि 'जुना कॉम्प्युटर, काका' असं लिहून कपाटात ठेवतो, आणि कॅबिनेट तेवढं जाऊ देतो.